शिबिरातली कढई आणि एकट्या पडलेल्या ताई: एका स्काऊट-गाईड ग्रुपचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या एका गावातलं आहे. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. मी जिल्ह्यात स्काऊट-गाईडच्या मोठ्या माणसांना प्रशिक्षण देण्याचं काम करते. या प्रकरणात मी मध्यावर आले आणि माझ्याही हातून चुका झाल्या. त्या जिथे झाल्या तिथेच लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात स्काऊट-गाईड म्हटलं की शाळाच डोळ्यांसमोर येते. शाळेचं पथक, शाळेचा गणवेश, आणि मुख्याध्यापकांनी 'हे तुमच्याकडे' म्हणून सांगितलेले सर किंवा बाई. त्या शिक्षकाला बेसिक कोर्सला, म्हणजे पथक चालवणाऱ्या मोठ्यांच्या पहिल्या प्रशिक्षणाला, जायचं असेल तर शाळा सोडते, ते दिवस कामाचेच धरले जातात. हा ग्रुप तसा नव्हता. हा ओपन ग्रुप, म्हणजे कुठल्याच शाळेशी न जोडलेला. दर रविवारी सकाळी नगरपालिकेच्या मैदानावर भरायचा. गावातल्या चार-पाच शाळांची मुलं एकत्र यायची. त्यात इंग्रजी माध्यमातली होती, जिल्हा परिषदेच्या शाळेतलीही होती. ओपन ग्रुपची खरी श्रीमंती हीच असते असं मला वाटतं.

ग्रुप सुरू केला होता एका निवृत्त शिक्षकांनी. ते हिमालय वुड बॅज झालेले, म्हणजे मोठ्यांच्या प्रशिक्षणातली वरची पायरी पार केलेले. गळ्यातल्या चामडी दोरीतले ते दोन लाकडी मणी घालून ते मैदानावर उभे राहिले की मुलं आपोआप रांगेत यायची. अकरा वर्षं त्यांनी एकहाती ग्रुप चालवला. मग तब्येतीमुळे त्यांना मुलाकडे पुण्याला जावं लागलं. जाताना त्यांनी किल्ल्यांचा एक जुडगा, हजेरीच्या दोन वह्या आणि सामानाचं एक लोखंडी कपाट मागे ठेवलं. सूत्रं दिली म्हणतात ती एवढीच.

मागे राहिली ४६ मुलं: १५ कब (लहान मुलगे), १८ स्काऊट (मोठे मुलगे), १३ गाईड (मुली). आणि पाच मोठी माणसं. एक बँकेत नोकरी करणारे, ते कब बघायचे. एक किराणा दुकानदार आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा १९ वर्षांचा मुलगा स्काऊट बघायचे. तो मुलगा याच ग्रुपमध्ये वाढला, स्काऊटच्या राज्य पुरस्कारापर्यंत गेलेला. एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक काका सामान आणि हिशेब सांभाळायचे. आणि एक ताई. त्या घरी शिवणकाम करायच्या. मुलगी गाईडमध्ये होती. तिला सोडायला यायच्या, थांबायच्या, आणि सरांनी एकदा 'ताई, जरा मुलींकडे बघा' म्हटलं तेव्हापासून त्या गाईड कॅप्टन झाल्या.

पाचही जण असेच आले होते. काम काय, किती, कुठवर, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सर होते तोवर त्याची गरजही पडली नाही, कारण सगळं सरांच्या डोक्यात होतं. बेसिक कोर्स पाचांपैकी एकाचाही झाला नव्हता.

शिबिरात काय घडलं

सर गेल्यावरचा तो पहिला डिसेंबर. गावापासून चौदा किलोमीटरवरच्या एका मळ्यात दोन रात्रींचं शिबिर ठरलं. ३१ मुलं आणि चार मोठी माणसं. दुकानदारांना दुकान सोडता आलं नाही.

रविवारी सकाळी मुलामुलींचा प्रत्येक संघ, म्हणजे छोटी टोळी, आपापल्या चुलीवर पोहे करत होता. तीन दगडांची चूल, वर कढई, फोडणीचं तेल तापत आलेलं. मोहरी टाकायला एक अकरा वर्षांची मुलगी पुढे वाकली आणि चुलीचा एक दगड सरकला. कढई कलंडली. तेल तिच्या डाव्या मनगटावर आणि हाताच्या पाठीवर आलं.

ताई धावत आल्या. कढई बाजूला केली आणि पिशवीतून टूथपेस्ट काढून ट्यूब संपेपर्यंत पोरीच्या हाताला लावली. आपल्याकडे घराघरात हेच करतात. शेजारी त्या संघाची संघनायिका उभी होती, चौदा वर्षांची. सोपानाच्या, म्हणजे पुढच्या पायरीच्या, चाचणीसाठी प्रथमोपचार शिकलेली. ती दोनदा म्हणाली, "ताई, पाण्याखाली धरायचा हात." गडबडीत तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मोठ्यांच्या गलक्यात ती गप्प झाली.

प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस, डेटॉल, चिकटपट्टी, मुदत संपलेलं एक मलम आणि तापाच्या गोळ्या होत्या. स्वच्छ गॉज नव्हती. बँकेतल्या गृहस्थांच्या गाडीतून मुलीला गावात डॉक्टरांकडे नेलं. आधी टूथपेस्ट धुऊन काढावी लागली. भाजल्यावर रडली नसेल एवढी ती तेव्हा रडली. तीन आठवडे पट्टी होती. हात पूर्ण बरा झाला, मनगटावर फिकट डाग राहिला.

मुलगी डॉक्टरांकडे पोहोचायच्या आत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्या हाताचा फोटो फिरला. संध्याकाळपर्यंत तिथे जे लिहिलं गेलं ते मी नंतर वाचलं. 'काही येत नसताना कशाला पुढे पुढे करायचं' इथपासून 'शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाती मुली दिल्याच कशा' इथपर्यंत. ग्रुपमधल्या बाकीच्या चार मोठ्या माणसांपैकी एकानेही मध्ये एक ओळ लिहिली नाही. रात्री ताईंनी तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला.

पुढच्या रविवारी ताई आल्या नाहीत. त्यांची मुलगी एक पिशवी घेऊन आली. आत गणवेश होता, धुऊन कडक इस्त्री केलेला. स्कार्फ नीट गुंडाळलेला, आणि स्कार्फ अडकवायचा वॉगल हरवू नये म्हणून बटणांच्या छोट्या प्लास्टिकच्या पुडीत ठेवलेला.

अडचण नेमकी कुठे होती

जिल्हा संघटकांनी मला फोन करून सांगितलं, "तिथे जाऊन प्रथमोपचाराचं एक प्रशिक्षण घ्या, प्रकरण मिटवा." मलाही वाटलं की अडचण तेवढीच आहे. पण चौघांना एकेकट्याला भेटल्यावर चित्र बदललं.

त्याआधी ताईंनी तीनदा प्रशिक्षणाबद्दल विचारलं होतं. दरवेळी उत्तर मिळालं, "दिवाळीच्या सुट्टीत बेसिक कोर्स लागतो, तिकडे जा." कोर्स सात दिवसांचा, निवासी. शिक्षकांना सुट्टी असते म्हणून तो बहुतेक दिवाळीत किंवा मे महिन्यात लागतो. आता शिवणकाम करणाऱ्या बाईचं वर्ष बघा. दिवाळीच्या आधी ब्लाऊज-ड्रेसची रांग, मे महिन्यात लग्नसराई. वर्षाची निम्मी कमाई त्या दोन हंगामांत. दुकानदारांचं तेच. बँकेतल्यांना सलग सात दिवस रजा काढायची तर गावच्या जत्रेची आणि आईच्या आजारपणाची रजा त्यातूनच जाणार. कॉलेजच्या मुलाची मे महिन्यात परीक्षा.

आमचा कोर्स ज्या दिवसांत लागतो तेच दिवस शिक्षक नसलेल्या माणसाच्या अडचणीचे. इतकी वर्षं कोर्स घेताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्यासमोर बसलेले सगळे शिक्षकच असायचे, त्यामुळे न आलेली माणसं मला दिसलीच नाहीत.

दुसरी गोष्ट याहून मोठी. प्रत्येकाला वाटत होतं की इतरांना येतं, आपल्यालाच येत नाही. बँकेतल्या गृहस्थांना कबचे खेळ सुचायचे नाहीत, म्हणून ते दर रविवारी तासभर कवायत घ्यायचे आणि घरी जाऊन बायकोला म्हणायचे, आपल्याला जमत नाही. कॉलेजच्या मुलाला गाठी आणि लॅशिंग, म्हणजे दोराने काठ्या बांधणं, उत्तम यायचं, पण बारा वर्षांच्या दोन पोरांचं भांडण कसं सोडवायचं ते कळायचं नाही. ताईंना मुलींशी छान जमायचं, पण मैदानी कामातलं काही येत नव्हतं. एकाजवळ होतं ते दुसऱ्याला हवं होतं, आणि सर गेल्यापासून हे पाच जण मुलं सोडून गेल्यावर एकदाही एकत्र बसले नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ग्रुप बंद करण्याचा. दोन पालकांनी तो गंभीरपणे मांडला, आणि त्यांची भीती खोटी नव्हती.

दुसरा, गावातल्या एका माध्यमिक शाळेला ग्रुप जोडायचा. मुख्याध्यापक तयार होते. प्रशिक्षित शिक्षक मिळाले असते, मैदान मिळालं असतं, कागदपत्रांची कटकट गेली असती. पण बाकीच्या शाळांतल्या २७ मुलांचं काय, याला उत्तर नव्हतं. मला हा पर्याय सोपा आणि म्हणूनच मोहाचा वाटला. काकांनी तो एका वाक्यात बाजूला केला: "मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं त्या गेटातून आत येणार नाहीत."

तिसरा पर्याय बँकेतल्या गृहस्थांचा होता: बेसिक झाल्याशिवाय कुणीच मुलांसमोर उभं राहायचं नाही. नियम म्हणून हे बरोबर. पण मग मे महिन्यापर्यंत मैदान रिकामं, आणि तोवर मुलं क्रिकेटच्या क्लासला गेलेली असती.

चौथा पर्याय म्हणजे ग्रुप चालू ठेवून मोठ्यांना जागच्या जागी, थोडं थोडं शिकवायचं. आणि ते अंगवळणी पडेपर्यंत मुक्कामी शिबिर बंद. शेवटी हाच घेतला, पण तिसऱ्यातला कळीचा भाग त्यात ठेवला: निदान दोघांचा बेसिक कोर्स आणि सगळ्यांचा प्रथमोपचार झाल्याशिवाय रात्रीचा मुक्काम नाही. हा हट्ट बँकेतल्या गृहस्थांचा. आज मागे वळून बघताना त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

एक निर्णय मात्र आम्ही वाईट घेतला. गाईड कंपनीला महिला कॅप्टनच हवी, आणि ताई तर गेलेल्या. मग 'व्यवस्था होईपर्यंत' मुलींचा रविवार बंद ठेवला. मुलगे मैदानावर, मुली घरी. व्यवस्था व्हायला सात आठवडे लागले. तेवढ्यात चार मुली गेल्या त्या गेल्याच. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या गाईडर (गाईडच्या मुलींना शिकवणाऱ्या) बाई महिनाभर यायला तयार झाल्या असत्या. त्या नंतर मला स्वतःच म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही." विचारायचं काम माझं होतं.

फसलेला पहिला प्रयत्न

जानेवारीत मी एका सभागृहात दिवसभराचा वर्ग घेतला, नऊ ते पाच. पाचांपैकी उरलेले चौघे आणि नव्याने मदत करायला तयार झालेले पालक मिळून चौदा जण आले होते. मी सुरुवात केली १९०७ सालच्या इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावरच्या शिबिरापासून. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल, त्यांच्यासोबतची वीसेक मुलं. मग १९०९ मध्ये बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी सुरू केलेलं भारतातलं पहिलं पथक. मग ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना. मग नियम, वचन, रचना, पदं, सोपान.

जेवणानंतर नऊ जण परत आले. चारच्या सुमाराला मी विचारलं, काही शंका? काका उभे राहिले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, अगदी साधेपणाने म्हणाले, "मॅडम, तुम्ही एवढं सांगितलंत. पण येत्या रविवारी आठ वाजता पोरं समोर उभी राहिली की मी काय करायचं, ते सांगा."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. इतिहास मला प्रिय आहे, आणि तो प्रत्येक स्काऊटरला माहीत असावा असं मी आजही म्हणेन. पण पोहता न येणारा माणूस पाण्यात उभा असताना त्याला नदीचा उगम सांगायचा नसतो.

मग काय केलं

गावाचा बाजार गुरुवारी बंद असतो. म्हणून दर गुरुवारी रात्री आठ ते सव्वानऊ, दुकानदारांच्या दुकानामागच्या खोलीत बसायचं ठरलं. विषय एकच: येता रविवार. कोण येणार, कोणता खेळ, कोणतं सामान, पाऊस आला तर काय. हे अर्ध्या तासात संपायचं. उरलेल्या वेळात एकच गोष्ट, हाताने करून बघायची.

भाजण्याचा गुरुवार मला अजून आठवतो. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. मग बादली आणि तांब्या घेतला, कारण मळ्यातही नळ नसतोच. प्रत्येकाने हात पुढे करायचा, दुसऱ्याने तांब्याने गार पाणी ओतत राहायचं, वीस मिनिटं. घड्याळ भिंतीवर. चौथ्या मिनिटाला काका म्हणाले, "झालं असेल की." सातव्या मिनिटाला सगळेच चुळबुळायला लागले. वीस मिनिटं म्हणजे किती, हे अंगाला कळल्याशिवाय माणूस दोन मिनिटांत पाणी थांबवतो. त्यातच बादली संपली. म्हणजे शिबिरात प्रत्येक चुलीशेजारी किती पाणी भरून ठेवायचं, तेही त्या रात्रीच ठरलं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढायची. मग स्वच्छ कापड सैल गुंडाळून डॉक्टर. आणि त्या संघनायिकेला आम्ही बोलावलं होतं. ती मधे उभी राहून सगळ्यांना सांगत होती आणि मोठी माणसं ऐकत होती.

रविवारी प्रत्येकाशेजारी कुणीतरी अनुभवी माणूस उभं राहायचं. कधी मी, कधी शेजारच्या तालुक्यातल्या त्या गाईडर बाई. मधे बोलायचं नाही. मुलं गेल्यावर दोनच गोष्टी सांगायच्या: आज काय छान झालं आणि पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलायची. एकच. मला हे जड गेलं. मला सात-आठ गोष्टी दिसायच्या. पण बँकेतल्या गृहस्थांना तीन रविवार फक्त 'कवायत पाच मिनिटांची करा' एवढंच सांगितलं, आणि चौथ्या रविवारी त्यांनी आपणहून लपवलेल्या वस्तू शोधायचा खेळ घेतला. त्यांचे कब खिदळत घरी गेले.

प्रत्येकाला अर्ध्या पानाचं कामाचं पत्र दिलं. तुमचं काम काय, काय नाही, आठवड्याला किती तास, अडलं तर फोन कुणाला, आणि कुठल्या तारखेपर्यंत. तारखेवर थोडा वाद झाला. शेवटची तारीख लिहिली तर माणसं त्या दिवशी निघून जातील, असं काहींना वाटलं. काका म्हणाले, "तारीख आहे म्हणून तर सही करतो. नाहीतर मरेपर्यंत कपाटाची किल्ली माझ्याकडेच." दुकानदारांनी पत्र वाचून प्रांजळपणे सांगितलं की दर रविवार त्यांना जमणार नाही. त्यांनी शिधा आणि वाहतूक घेतली आणि ते काम त्यांनी चोख केलं. आधी ते रविवारी न आल्याच्या अपराधीपणात असायचे आणि बाकीचे त्यांच्यावर धुसफुसायचे. अर्ध्या पानाने ते मिटलं.

एक गुरुवार मुलांच्या सुरक्षिततेचा होता. कोणत्याही मोठ्या माणसाने एखाद्या मुलासोबत एकट्याने बंद जागी थांबायचं नाही, कायम दोन मोठी माणसं. पॉक्सो कायदा, २०१२, काय सांगतो तेही बोललो: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना कळवणं हे आपलं कर्तव्य आहे, 'आधी आपण शहानिशा करू' म्हणत दडपायचं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. त्या रात्री खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कॉलेजचा मुलगा म्हणाला, "मॅडम, माझ्याशी पोरं रात्री चॅट करतात. अभ्यासाचं, घरातलं. ते पण बंद?" तो चांगला मुलगा आहे, आणि ती पोरं त्याला दादा म्हणून मानतात. तरी 'हो' म्हणावं लागलं. वैयक्तिक चॅट बंद, जे काही ते दुसरा मोठा माणूस असलेल्या ग्रुपवर. त्याला वाईट वाटलं. एखाद्या मुलाने रात्री घरातलं काही कळवलं तर सकाळी दोघांनी मिळून त्याच्याशी बोलायचं, असं ठरल्यावर त्याला थोडं पटलं.

किती मुलांमागे किती मोठी माणसं, यासाठी ब्रिटनच्या स्काऊट संघटनेचं मैदानी कार्यक्रमांचं प्रमाण आधाराला घेतलं: कबसाठी आठ मुलांमागे एक, स्काऊटसाठी बारांमागे एक, आणि वर प्रमुख वेगळा. त्यावर आमची भर एवढीच की पेटत्या चुलीमागे एक मोठा माणूस, तिथून हलायचं नाही.

पैशाचंही बोललो. आपल्याकडे सेवा म्हटली की पैशाचं नाव काढायचा संकोच असतो. हिशेब मांडायला बसलो तर कळलं की ताईंनी स्वतःचे अकराशे रुपये घालून दोर आणले होते आणि पावतीही मागितली नव्हती. पालकसभा घेऊन वार्षिक वर्गणी थोडी वाढवली, दोर, पेटी आणि पेट्रोल त्यातून. ताईंचे पैसे काकांनी घरी नेऊन दिले.

बेसिक कोर्सच्या सात दिवसांना पर्याय नाही, हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या गिलवेलला मोठ्यांसाठीचा पहिला वुड बॅज कोर्स झाला तेव्हाही मोठी माणसं मुलांसारखी संघ करून तंबूत राहिली होती. संघपद्धत पुस्तकातून कळत नाही, संघात राहूनच कळते. प्रश्न फक्त माणसाला सात दिवस मोकळं कसं करायचं हा होता. बँकेतल्या गृहस्थांनी रजा काढली, आणि त्या रविवारचे कब कॉलेजच्या मुलाने आणि एका पालकांनी मिळून घेतले. मुलींसाठी पालकांपैकी दोन आया पुढे आल्या होत्या, एकमेकींसोबतच येणार या अटीवर. त्यांतल्या एकीचं लहान मूल दुसरीने सात दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं. तेव्हापासून आम्ही नवीन माणूस एकटा घेतच नाही, जोडीने घेतो.

ताईंकडे

मी ताईंकडे गेले ती फेब्रुवारीच्या अखेरीस. शिबिराला अडीच महिने होऊन गेले होते. त्या मशीनवर होत्या. पाय थांबले नाहीत. मी टूथपेस्टची चूक कुणाचीही झाली असती वगैरे बोलत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी धागा तोडला आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. दोन बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत, लालसर.

"कढई मी उचलली होती," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे सुईत दोरा घालता येत नव्हता. ऑर्डरी परत केल्या. मला कुणी विचारलं नाही, ताई तुमचा हात कसा आहे."

ते खरं होतं. शिबिराच्या अहवालात, व्हॉट्सअ‍ॅपवर, माझ्या टिपणांत, कुठेच ते नव्हतं. बाकीची तीन मोठी माणसं तिथे होती आणि एकाच्याही लक्षात आलं नाही की तापलेली कढई उघड्या हातांनी कुणीतरी बाजूला केली आहे.

मी माफी मागितली. परत येण्याबद्दल विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

वर्षभरानंतर

मुलं ४६ वरून ३७ पर्यंत खाली आली आणि वर्षअखेरीस ४३ झाली. मुली १३ वरून ९ आणि परत १२. मोठी माणसं पाचांची सात झाली. दोघांचा बेसिक कोर्स झाला: बँकेतल्या गृहस्थांचा आणि त्या दोन आयांपैकी एकीचा. दुसरीला अजून जमलेलं नाही. कॉलेजच्या मुलालाही नाही.

पुढच्या डिसेंबरात त्याच मळ्यात शिबिर झालं, यावेळी एका रात्रीचं. जागा बदलावी असं काही पालकांचं म्हणणं होतं. मुलींनी तीच हवी म्हटलं. प्रत्येक चुलीशेजारी झाकलेली पाण्याची बादली होती, चुलीचे दगड अर्धे मातीत पुरलेले होते. सकाळी पोहेच केले. आदल्या वर्षी हात भाजलेली मुलगी शिबिराला आली, पण चुलीपाशी गेली नाही. ती कोथिंबीर निवडत बसली आणि कुणी तिला आग्रह केला नाही. एका स्काऊटचा पाय मुरगळला, तेवढंच.

बँकेतल्या गृहस्थांची पुढे बदली झाली. चार गुरुवार घेऊन त्यांनी आपलं काम दुसऱ्याकडे दिलं: कुठल्या कबला कशाची भीती वाटते, कोण कुणाशी भांडतं, कुठला खेळ कुठल्या महिन्यात घेतला, सगळं एका वहीत. सर पुण्याला गेले तेव्हा अशी वही असती तर, असं मला वाटून गेलं.

ताईंची मुलगी गाईडमध्ये टिकून आहे. नव्या मुलींचे स्कार्फ ताई शिवून देतात, रीतसर बिलाने.

आज करायचं झालं तर

शिबिराच्या त्याच रात्री, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ग्रुपच्या नावाने एक निवेदन जायला हवं होतं: काय झालं, मुलगी कशी आहे, आणि ही जबाबदारी एका व्यक्तीची नसून ग्रुपची आहे. चार ओळी पुरल्या असत्या. ती जागा रिकामी राहिली म्हणून तिथे वाटेल ते लिहिलं गेलं.

मुलींचा रविवार एकही दिवस बंद ठेवला नसता.

सभागृहातला वर्ग घेतला नसता. पहिल्या गुरुवारपासून सुरुवात केली असती. इतिहास आम्ही नंतर सांगितलाच, मे महिन्यात, मैदानावर, माणसं स्वतःहून विचारायला लागल्यावर.

कोर्सच्या तारखांचं अजून सुटलेलं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात किंवा जानेवारीत एखादा कोर्स, फक्त शिक्षक नसलेल्यांसाठी, असं मी जिल्ह्याकडे लेखी मागितलं आहे. तेवढी माणसं जमत नाहीत, असं उत्तर येतं. शेजारच्या दोन जिल्ह्यांसोबत मिळून जमतील असं मला वाटतं, आणि त्यासाठी मी नावं गोळा करते आहे. आतापर्यंत नऊ झाली आहेत.

आणि ग्रुपच्या कपाटात अपघात नोंदवायचं एक पान आता असतं. तारीख, वेळ, कुणाला काय लागलं, काय उपचार केला, पालकांना किती वाजता कळवलं. त्यात खाली, काकांच्या अक्षरात, एक ओळ वाढवलेली आहे: 'मोठ्यांपैकी कुणाला लागलं का? प्रत्येकाला विचारून लिहा.'